समूहातल्या दीर्घिका: आठ अब्ज वर्षांपूर्वी जास्त उजळ होत्या की मंद?

रात्रपाळी

अमावस्येच्या आसपास आकाश बरं मिळालं म्हणून आठ इंची दुर्बीण घेऊन बसलो होतो. आधी कन्या समूहातला एम ८७ पाहिला, मग वर सरकत अरुंधतीकेशात गेलो. तिथल्या दीर्घिकांच्या समूहाच्या मध्यावरच्या दोन मोठ्या दीर्घिका, एनजीसी ४८८९ आणि तिची शेजारीण ४८७४. दोन धूसर ठिपके. नजर थोडी बाजूला वळवली की दिसतात, सरळ पाहिलं की गायब. तिथून प्रकाश निघाला त्याला ३२ कोटी वर्षं झाली.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. अंतरामुळे येणारा मंदपणा हिशेबातून काढून टाकला, तर असाच एखादा समूह आठ अब्ज वर्षांपूर्वी कसा दिसला असता? त्यातल्या दीर्घिका आजच्यापेक्षा उजळ असत्या की मंद? माझा अंदाज मंद. समूह हळूहळू जमतो, मोठ्या दीर्घिका लहानांना गिळत वाढतात, म्हणजे काळाबरोबर त्या उजळत जायला हव्यात. पण मध्यंतरी नेमकं उलटं वाचलं, की पूर्वी त्या जास्त उजळ होत्या. यातलं खरं काय?

एकटा धूमकेतू

वाचतोय. खूण मारून ठेवली.

शंकासुर

गोम प्रश्नातच आहे. 'दीर्घिका' म्हणजे कुठली? समूहाच्या मध्यावर बसलेली धेंडं, की बाकीची प्रजा? आणि उजळ म्हणजे कुठल्या रंगात? निळ्यात मोजलं तर एक उत्तर येईल, अवरक्तात दुसरं. हे ठरवल्याशिवाय धागा शंभर प्रतिसादांपर्यंत जाईल आणि हाती काही लागणार नाही.

वर्णपट

शंकासुर बरोबर बोलतायत. पण रात्रपाळी, तुमचा अंदाज चुकीचा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा मी सांगते.

समजा एका दीर्घिकेतले सगळे तारे साडेअकरा अब्ज वर्षांपूर्वी एका झटक्यात जन्मले आणि त्यानंतर एकही नवा तारा झाला नाही. बाहेरून काही आलं नाही, आतून काही गेलं नाही. कुणी हातही लावला नाही, तरी ती मंदावत जाणार. कारण जड तारे उधळे असतात. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत आटोपतो, दुपटीचा अब्जभर वर्षं काढतो, सूर्यासारखा दहा अब्ज. म्हाताऱ्या दीर्घिकेचा बराचसा प्रकाश येतो तो तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडून, म्हणजे जे नुकतेच मरणपंथाला लागलेत त्यांच्याकडून. सुरुवातीला तारे या टप्प्यावर भराभर येऊन पोचतात. पुढे हलक्या ताऱ्यांची पाळी येते आणि ते रमतगमत येतात. त्यामुळे कुठल्याही एका वेळी राक्षसी अवस्थेत असलेल्यांची संख्या घटत जाते.

ढोबळ हिशेब असा: वय जितक्या पटीने वाढतं, साधारण तितक्याच पटीने किंवा किंचित कमी पटीने तेजस्विता उतरते. ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप; ती जितकी जास्त, तितका प्रकाश जुना. ताम्रसृती १ म्हणजे सुमारे ७.८ अब्ज वर्षांपूर्वीचा काळ. आपली ही कल्पनेतली दीर्घिका तेव्हा ३.७ अब्ज वर्षांची होती, आज साडेअकरा. वय तिपटीने वाढलं, म्हणजे प्रकाश अडीच ते तीनपट कमी झाला. उजळपणा 'प्रतीं'त मोजतात आणि एक प्रत म्हणजे अडीचपट, तेव्हा फरक एका प्रतीचा किंवा जरा जास्त.

हे नुसतं कागदावरचं नाही. पीटर व्हॅन डॉकुम आणि मारीन फ्रँक्स यांनी १९९० च्या दशकात दूरच्या समूहांतल्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे वर्णपट घेतले. वर्णरेषा किती पसरट झाल्यात त्यावरून आतले तारे किती वेगाने फिरतात ते कळतं आणि त्यावरून वस्तुमान काढता येतं. एमएस १०५४ नावाचा समूह ताम्रसृती ०.८३ वर आहे. तिथे तेवढ्याच वस्तुमानामागे निळा प्रकाश आजच्या दीर्घिकांपेक्षा ठळकपणे जास्त निघाला, आणि तोही या साध्या म्हातारपणाच्या गणिताशी जुळणारा.

रात्रपाळी

म्हणजे काहीच न घडता मंद होणं हेच मूळ आणि गिळणं हा वरचा मजला? असं असेल तर दोन्ही एकमेकांना खोडून काढत असतील ना?

जुना चष्मा

रात्रपाळी, नेमक्या याच प्रश्नावर अर्ध्या शतकापूर्वी जोरदार वाद झाला होता. तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ॲलन सँडेज हे हबल यांचे वारसदार. पालोमारची दोनशे इंची दुर्बीण हाताशी. विश्वाच्या प्रसरणाचा वेग किती मंदावतोय हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी हवा असा दिवा, जो कुठेही ठेवला तरी सारख्याच शक्तीचा असेल. सँडेज यांनी निवडला प्रत्येक समूहातला सर्वांत उजळ सदस्य. या दीर्घिका एकमेकींसारख्या इतक्या, की समूहागणिक त्यांच्या तेजस्वितेत फारसा फरक पडत नाही. दिवा किती मंद दिसतो त्यावरून अंतर, ताम्रसृतीवरून प्रसरण, आणि दोन्हींच्या आलेखावरून विश्वाचं भवितव्य. योजना देखणी होती.

तेवढ्यात बिअट्रिस टिन्स्ली आल्या. १९६० च्या दशकात टेक्सासमध्ये पीएचडी करताना त्यांनी ताऱ्यांच्या आयुष्यमानावरून अख्ख्या दीर्घिकेचा प्रकाश काळाबरोबर कसा बदलेल याचं गणित मांडलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की हा दिवा एकसारख्या शक्तीचा नाही, तो पूर्वी जास्त उजळ होता. मग पूर्वीचा दिवा आपल्याला आहे त्यापेक्षा जवळ वाटणार आणि प्रसरण मंदावण्याचा आकडा फुगून येणार. दुरुस्ती बारीकसारीक असती तर गोष्ट वेगळी. इथे दुरुस्तीच मोजायच्या परिणामाइतकी मोठी! सँडेज यांना हे पटायला जड गेलं, वाद बरीच वर्षं चालला.

पुढची गंमत १९७५ ची. जेम्स गन आणि टिन्स्ली यांनी ही मंदावण्याची दुरुस्ती लावून 'नेचर'मध्ये लिहिलं, की आकडे पाहता विश्वाचं प्रसरण वेग घेत असावं. त्याच वर्षी जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि स्कॉट ट्रिमेन यांनी उलट्या बाजूची दुरुस्ती काढली. मधली धेंडं शेजारणींना गिळतात, म्हणजे दिवा काळाबरोबर उजळतही जातो. एक दुरुस्ती इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि दोन्हींचे आकडे अनिश्चित. दिव्यावरचा भरवसाच उडाला. प्रसरण खरोखर वेग घेतंय हे १९९८ मध्ये कळलं, पण ते महानोव्हांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांच्या मदतीने, दीर्घिकांच्या नव्हे.

टिन्स्ली तेव्हा हयात नव्हत्या. १९८१ मध्ये चाळिशीतच गेल्या. मला या कथेत सँडेज यांच्याबद्दलही वाईट वाटतं. ज्या गोष्टीला ते मोजमापातला अडथळा मानत होते, तोच पुढे अभ्यासाचा मुख्य विषय झाला.

एकटा धूमकेतू

काका, हे वेगळ्या धाग्याचं ऐवज आहे. +१

शंकासुर

काकांना दंडवत. आता वर्णपटताईंच्या उत्तराला टाचणी लावतो.

दूरच्या समूहातल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका निवडल्या, जवळच्या समूहातल्याही निवडल्या, आणि तुलना केली. पण या त्याच आहेत कशावरून? वीस वर्षांपूर्वीच्या एका ग्रुप फोटोतले फक्त पांढऱ्या केसांचे लोक मोजा. मग आजच्या फोटोतले पांढऱ्या केसांचे मोजा. दोन्हींचं सरासरी वय जवळपास सारखं येईल आणि तुम्ही म्हणाल, वीस वर्षांत माणसं म्हातारी झालीच नाहीत! आज ज्यांचे केस पांढरे आहेत त्यातले कितीतरी जण जुन्या फोटोत काळ्या केसांचे होते, म्हणून तुम्ही त्यांना मोजलंच नव्हतं.

वर्णपट

टाचणी बरोबर जागी लागली. व्हॅन डॉकुम आणि फ्रँक्स यांनीच हा दोष मांडलाय, आजच्या दीर्घिकांचे पूर्वज नमुन्यातून गळण्याचा. हा गृहीत धरला तर खरं मंदावणं दिसतं त्यापेक्षा थोडं जास्त निघतं, कारण उशिरा म्हातारी झालेली मंडळी आजच्या सरासरीत तरुणपणा मिसळतात.

आणि ही 'काळ्या केसांची' मंडळी दिसलीही होती. १९७८ मध्ये हार्वे बुचर आणि ऑगस्टस ओएमलर यांनी ताम्रसृती ०.४ च्या आसपासचे दोन समूह पाहिले. जवळच्या दाट समूहांत निळ्या दीर्घिका जेमतेम ३ टक्के असतात. तिथे भरपूर सापडल्या. १९८४ मध्ये त्यांनी ३३ समूहांचा हिशेब दिला: ताम्रसृती ०.५ पर्यंत जाता जाता निळ्यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांपर्यंत चढतं. म्हणजे अवघ्या पाच अब्ज वर्षांत समूहांचा रंगच पालटला.

तेव्हाही शंकासुर होतेच. या निळ्या दीर्घिका समूहातल्या नसून वाटेत किंवा मागे असतील, असा आक्षेप आला. ॲलन ड्रेसलर आणि गन यांनी वर्णपट घेतले तेव्हा कळलं, की बऱ्याच जणी समूहातल्याच आहेत. काहींच्या वर्णपटात तर चमत्कारिक मिश्रण होतं: म्हाताऱ्या ताऱ्यांच्या खुणा, जोडीला अब्जभर वर्षांपूर्वी जन्मलेल्या ताऱ्यांच्या ठळक हायड्रोजन रेषा, आणि आत्ता तारे जन्मत असल्याची खूण मात्र शून्य. ताऱ्यांचं उत्पादन जोरात चाललं होतं आणि एकाएकी कुणीतरी नळ बंद केला. पुढे हबल दुर्बिणीने या निळ्या ठिपक्यांचे तपशील दाखवले. बहुतेक सर्पिल, काही विस्कटलेल्या.

भिंगरी

नळ बंद कोण करतं?

वर्णपट

समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. सगळ्या दीर्घिकांतल्या ताऱ्यांचं मिळून जेवढं वस्तुमान, त्याच्या कैकपट या वायूचं. सर्पिल दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटरने यात घुसली की समोरून वाऱ्याचा मारा बसतो आणि तिचा स्वतःचा थंड वायू मागे उडून जातो. गन आणि रिचर्ड गॉट यांनी हे १९७२ मध्येच मांडलं होतं. ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेचं छायाचित्र शोधून पाहा. मागे निळ्या धाग्यांची शेपटी, जेलीफिशसारखी. वायू गेला की नवे तारे बंद. काही कोटी वर्षांत सर्वांत निळे तारे संपतात, रंग हळूहळू तांबूस होतो, आणि मग ती त्याच म्हातारपणाच्या उतारावर लागते.

सगळ्यांचं असं झटक्यात होत नाही. काहींचा बाहेरून येणारा ताज्या वायूचा पुरवठा तेवढा तुटतो आणि शिल्लक पुरेल तोवर त्या तग धरतात.

भिंगरी

मी जरा हात काळे करून पाहिले. आकाशाच्या स्लोन सर्वेक्षणाची माहिती खुली आहे, त्यातून अरुंधतीकेशातल्या समूहाच्या दीर्घिका उतरवून घेतल्या. आडव्या अक्षावर तांबड्या गाळणीतली प्रत, उभ्यावर हिरव्या आणि तांबड्या प्रतींमधला फरक, म्हणजे रंग. ठिपके कसेही विखुरतील असं वाटलं होतं. आलं ते असं: सुमारे ०.७ च्या जरा वर एक ठसठशीत पट्टा, फूटपट्टीने आखावा तसा, मंद बाजूला किंचित खाली झुकलेला. खाली निळ्या भागात तुरळक ठिपके. पाहून थक्क झाले.

मग उत्साहात ताम्रसृती ०.४ चा एक समूह घेतला, त्याच गाळण्या, तसाच आलेख. पट्टा भलताच वर गेला आणि प्रती एकदम मंद! अंतर वजा केलं तरीही मंदच. मी लगेच वर्णपटताईंना खरड लिहायला घेतली, की तुमचं गणित उलटं आहे म्हणून. सुदैवाने पाठवायच्या आधी चूक सापडली.

वर्णपट

सांगून टाक, पुढच्यांना उपयोग होईल.

भिंगरी

अहो, गाळणी तीच, पण प्रकाश तो नाही! ताम्रसृती ०.४ म्हणजे सगळ्या तरंगलांबी १.४ पटीने ताणलेल्या. माझ्या हिरव्या गाळणीत जे येत होतं ते दीर्घिकेतून निघताना जंबुपार सीमेजवळचं होतं. म्हाताऱ्या दीर्घिकांचा प्रकाश ४००० अँगस्ट्रॉमच्या अलीकडे एकदम पायरी उतरल्यासारखा पडतो. मी त्या पायरीखालचा प्रकाश मोजून दीर्घिका मंद आहे म्हणत होते. ताणलेल्या तरंगलांबीची दुरुस्ती लावल्यावर गाडी रुळावर आली. अख्खी संध्याकाळ गेली त्यात.

तो पट्टा झुकलेला का असतो, हे मात्र कळलं नाही. लहान दीर्घिका तरुण असतात म्हणून?

वर्णपट

वाटतं तसं, पण मुख्य कारण वय नव्हे. लहान दीर्घिकांचं गुरुत्व कमी, महानोव्हांनी तयार केलेली जड मूलद्रव्यं त्यांना धरून ठेवता येत नाहीत. जड मूलद्रव्यं कमी असलेले तारे जरा निळसर असतात. झुकाव वयाचा असता तर दूरच्या समूहांत तो पट्टा झपाट्याने वाकडा होत गेला असता. तसा तो होत नाही.

तुझ्या पट्ट्याची रुंदीही बघ. रिचर्ड बॉवर, जॉन ल्यूसी आणि रिचर्ड एलिस यांनी १९९२ मध्ये कन्या आणि अरुंधतीकेश समूहांचे रंग नेमकेपणाने मोजले. पट्टा इतका अरुंद निघाला, की यातल्या बहुतेक ताऱ्यांचा जन्म फार पूर्वी उरकला असला पाहिजे, नाहीतर वयांमधल्या फरकाने रंग पसरले असते.

शंकासुर

मग निवाडा करू या. प्रजा मंदावते, काहींचा नळ बंद होतो, ठीक. धेंडांचं काय? गिळणं जिंकतं की म्हातारपण?

वर्णपट

इथे मीही ठाम बोलणार नाही, कारण मापं काढणारेच एकमत नाहीत.

आधी पाया. १९९९ मध्ये रॉबर्टो डी प्रोप्रिस आणि सहकाऱ्यांनी ३८ समूहांच्या दीर्घिका अवरक्तात मोजल्या, ताम्रसृती ०.९ पर्यंत. अवरक्तात चार नव्या ताऱ्यांनी फसगत होत नाही, एकूण वस्तुमानाच्या जवळचं चित्र मिळतं. कुठल्या तेजस्वितेच्या किती दीर्घिका असतात हे सांगणाऱ्या पॉल शेक्टर यांच्या १९७६ च्या सूत्रात एक ठरावीक तेजस्विता येते, जिच्या पलीकडे दीर्घिकांची संख्या एकदम कोसळते. ही तेजस्विता मागे जाता जाता किती वाढते ते त्यांनी पाहिलं. उत्तर: नुसत्या म्हातारपणाने जेवढी वाढायला हवी तेवढीच. म्हणजे समूहातल्या मोठ्या दीर्घिकांची जुळणी त्याआधीच बरीचशी झालेली होती.

मधल्या धेंडांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. २००९ मध्ये ख्रिस कॉलिन्स यांच्या गटाने ताम्रसृती १.२ ते १.५ मधल्या धेंडांचं वस्तुमान आजच्याजवळपासचंच सांगितलं. संगणकातली मॉडेलं त्याहून कितीतरी कमी म्हणत होती. मग २०१२ मध्ये ख्रिस लिडमन यांच्या गटाला ताम्रसृती ०.९ पासून ०.२ पर्यंत १.८ पट वाढ दिसली. माझं मत विचाराल तर वाढ होते, पण जुन्या मॉडेलांइतकी नाही. आणि गिळलेल्यातलं बरंच पोटात जातच नाही.

रात्रपाळी

पोटात जात नाही म्हणजे?

वर्णपट

ओढाताणीत लहान दीर्घिकेतले तारे सांडतात आणि समूहात मोकळे हिंडत राहतात. फ्रिट्झ झ्विकी यांना अरुंधतीकेश समूहातला हा अंधुक उजेड १९५१ मध्येच दिसला होता. २०२३ मध्ये युक्लिड दुर्बिणीने ययाती समूहाचं छायाचित्र दिलं, समूहातल्या हजारभर दीर्घिका आणि मागे लाखभर. त्यातही असा उजेड पसरलेला आहे. आता सांगा, हा प्रकाश मधल्या दीर्घिकेच्या खात्यावर मांडायचा की समूहाच्या? सीमारेषा कुठेच नाही. कुठवर वर्तुळ काढून मोजता त्यावर वाढीचा आकडा ठरतो.

शंकासुर

शिवाय 'एक अधिक ताम्रसृती'ची चौथी घात आहेच, तितक्या पटीने दीप्ती उतरते. ताम्रसृती १ वर पृष्ठभागाची दीप्ती सोळापट कमी, म्हणजे तीन प्रती. दूरच्या धेंडाचा बाहेरचा अंधुक झगा आकाशाच्या उजेडात बुडतो, जवळच्याचा दिसतो. मग 'वाढली वाढली' म्हणून आपण टाळ्या पिटतो.

जुना चष्मा

पन्नास वर्षांनी भांडण तेच, कॅमेरे तेवढे नवे.

भिंगरी

ताई, आणखी मागे गेलं तर? ही धेंडं जन्मताना कशी दिसली असतील?

वर्णपट

एसपीटी २३४९-५६ बद्दल वाच. ताम्रसृती ४.३, महास्फोटानंतर जेमतेम १.४ अब्ज वर्षं. एका दीर्घिकेच्या प्रभामंडळात मावेल एवढ्या जागेत १४ दीर्घिका कोंबलेल्या, आणि सगळ्या मिळून वर्षाला हजारो सूर्यांइतके तारे घडवतायत. गंमत म्हणजे दृश्य प्रकाशात तिथे फारसं काही दिसत नाही, कारण धुळीने सगळं झाकलंय. तो उजेड धुळीतून मिलिमीटरच्या आसपासच्या लहरींमध्ये बाहेर पडतो, आणि अल्मा दुर्बिणीने त्यातले तपशील उलगडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. माझा 'मंद' हा अंदाज प्रजेपुरता सपशेल चुकला, धेंडांपुरता टांगणीला. काल पुन्हा दुर्बीण लावली होती. आता त्या दोन ठिपक्यांकडे पाहताना मध्ये सांडलेला उजेड शोधत बसलो. आठ इंचात दिसणार नाही हे माहीत असूनही.

शेवटचं एक: ४८७४ आणि ४८८९ पैकी कोण कुणाला गिळणार?

वर्णपट

इतक्यात कुणीच नाही. त्या दोघी आपापला गोतावळा घेऊन आलेल्या आहेत, हा समूहच दोन घरं एकत्र येऊन झालाय असं मानतात. त्यांच्या दूर जाण्याच्या वेगांत सेकंदाला सुमारे ७०० किलोमीटरचा फरक आहे. गिळायचं तर आधी सावकाश व्हावं लागतं.

एकटा धूमकेतू

तोवर खूण मारून ठेवतो.